पडद्यामागून पाहिलेली सून

सिनेमाचे किस्से सांगायला बसलं की एकाला धरून दुसरा येतो. आमच्या गल्लीतल्या बायकांनी जेमतेम चार सिनेमे पाहिले असतील, पण किस्से मात्र अजून सरत नाहीत!

निजामाचं राज्य होतं. मी अकोल्याकडून मॅट्रिक होऊन हिंगोलीत नुकतीच सून म्हणून आले होते. उन्हाळ्यात टूरिंग टॉकीजचा तंबू यायचा. पुरुष पडद्यासमोर बसायचे आणि आम्ही बायका पडद्यामागे! चित्र तिकडूनही दिसायचं, फक्त उलटं.

* * *

त्या वर्षीचा सिनेमा आमच्या सासवांच्या काळातल्या एका गृहिणीचा होता. नवरा तिच्याशी अबोला धरतो, अशी गोष्ट. पहिल्याच प्रसंगात ती त्याला डाव्या हातानं वाढायला लागली.

"अगं बाई, डावखुरी सून केली!" शेजारच्या सोनाबाई ओरडल्या. "म्हणूनच बोलत न्हाई तो!"

आपण मागून बघतोय म्हणून असं दिसतं, हे मी समजावून सांगितलं.

"तू शिकलेली असशील पोरी, पण मला डोळ्यानं दिसून राहिलं ना!"

* * *

मग ती गृहिणी स्वयंपाकघरात बसून रडली. गाणं म्हणत, चांगली पाच मिनिटं!

"ही इतकं रडून राहिली, तर चुलीवरचं कोण बघून राहिलं?" सोनाबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

"माझी सासू रडायची, पण दळता दळता. हात कधी थांबला न्हाई तिचा," असं म्हणून त्यांनीच पदर डोळ्याला लावला.

"काय झालं?" मी विचारलं.

"इंजिनाचा धूर गं!"

सिनेमाला वीज पुरवणारं ते इंजिन तंबूच्या पार दुसऱ्या टोकाला होतं.

* * *

आमच्या भिंतीला भिंत लागून काशीकाकूंचं घर. त्यांनी चार वर्षांच्या लेकीला माहेरी, आखाडा बाळापूरला नेलं आणि तिथं देवीच्या साथीत ती गेली. तेव्हापासून काकांनी काकूंशी बोलणं टाकलं. नऊ वर्षं!

काही हवं असलं की काका मांजरीला सांगायचे, "आमटीत मीठ न्हाई."

काकूही मांजरीलाच म्हणायच्या, "घालते म्हणावं."

मांजर मेली त्या दिवशी सोनाबाई म्हणाल्या, "आता यांचा संसार कसा व्हायचा?"

* * *

आम्हा बायकांना कुठल्याच सिनेमाचा शेवट ठाऊक नसायचा. पुरुष घरी पोचायच्या आत तवा तापलेला पाहिजे! शेवटचं रीळ लागलं की सोनाबाई म्हणायच्या, "उठा गं!"

हा सिनेमा तीन दिवस होता. तिन्ही दिवस काकांनी जाण्याआधी कोनाड्यात काकूंसाठी एक तिकीट ठेवलं. तिन्ही दिवस काकू आल्या आणि तिन्ही दिवस आम्ही त्यांना दंडाला धरून उठवलं.

"थांबा ना गं," त्या म्हणायच्या. "तो बोलतो का न्हाई, एवढं बघू द्या."

शेवटी सोनाबाईंनी त्यांच्यासाठी आपल्या नवऱ्याला विचारलं, "तो बोलला का हो तिच्याशी?"

"बोलला असंल की! मी चपला शोधून राहिलो व्हतो."

* * *

तंबू उठला त्या दुपारी मी काकूंची परात परत द्यायला गेले. काका जेवत होते. काकूंनी भाकरी वाढली आणि सरळ त्यांच्याकडे बघून विचारलं, "शेवटी तो काय म्हणला तिला?"

मी दारातच थांबले.

काकांनी भाकरीचा तुकडा मोडला. ताटाकडे बघतच म्हणाले, "मला न्हाई ठाऊक. तिन्ही दिवस मी बी आधीच उठलो. इंजिनाच्या धुरात जाऊन उभा राह्यलो."

"काहून?"

काकांनी तांब्या उचलून तोंडाला लावला. तो रिकामा होता. तरी त्यांनी तो खाली ठेवला नाही.