तरवडाचे कान

तरवड ओळखायचा असेल तर फुलावर जाऊ नका. पिवळी फुलं काय, रानात कितीतरी झाडांना येतात. पानाच्या देठाच्या बुडाशी बघा. तिथं करडाच्या कानासारखी दोन गोल, हिरवी पानं चिकटलेली असतात. कान असले तर तरवड, नसले तर दुसरंच काहीतरी. हे मला आता कळतं. वेळेवर कळलं असतं तर हे लिहायला बसलेच नसते.

माझ्या थोरल्या जाऊबाई करमाडच्या अलीकडं, आमच्या गावी एकट्याच राहायच्या. पदरी मूलबाळ नाही, दीर कधीच गेलेले. नवरात्रात घटावर रोज एक माळ बांधायची, आणि आमच्यात पहिली माळ तरवडाची. तीही आपल्या हातानं तोडलेल्या फुलांची. विकतची माळ घटाला चालत नाही. सासूबाईंचा हा नेम जाऊबाईंनी एक साल चुकवला नव्हता. घरामागचा माळ पिवळाधमक असायचा, चुकवायचं कारणच नव्हतं.

मग त्या माळावर कारखान्यांच्या भिंती उठल्या आणि काचबिंदूनं जाऊबाईंचे डोळे नेले. ह्यांनी त्यांना शहरात आमच्याकडं आणलं, तेव्हा त्यांच्या पदराला वाळक्या शेंगांची पुरचुंडी बांधलेली होती.

"हे काय आणलंत, बाई?"

"घटाची माळ आणली. पेर."

"अहो, मागं हातभर तर जागा आहे."

"मग? तरवडाला काय बंगला लागतो व्हय?"

बी लई टणक. त्यांनी सांगितलं तसं मी ते दगडावर घासलं, कोमट पाण्यात रात्रभर ठेवलं, शेणखत घालून पेरलं. अर्धं बी डब्यात राखून ठेवलं. पंधरा दिवसांनी दोन रोपं वर आली. एक सपासप वाढलं, चांगलं हातभर झालं. दुसरं बोटभर, रडतराऊत. कापसाची विरळणी मी लहानपणापासून केलेली. जोमाचं ठेवायचं, मरतुकडं उपटायचं, हाताला तेवढंच वळण. बाकी विचार केला नाही. बोटभर रोप उपटलं आणि कुंपणापलीकडं फेकलं.

नवरात्राच्या तोंडावर ठेवलेल्या रोपाला पिवळी फुलं आली. मला कोण आनंद! जाऊबाईंचा हात धरून मागं नेलं, त्यांची बोटं फांदीवर ठेवली. त्यांनी देठ चाचपला. पुन्हा चाचपला.

"कान कुठायत गं?"

"कसले कान?"

त्यांनी पान चुरगळून नाकाला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "हा कासविंदा हाय, धाकटे. शेणखतातून आला आसंल. दुसरं काही उगवलं नाय का?"

"नाही, बाई," मी म्हणाले.

का म्हणाले, देव जाणे. जीभ आपोआप वळली. त्या हसल्या. "मी निजामाच्या राज्यातली. तू पोलीस ॲक्शननंतरची पोर. तुला कुठून ठाऊक आसणार?"

त्या साली पहिली माळ दारातल्या गोकर्णाची बांधली. तरवड शोधत हे करमाडच्या रस्त्यानं जाऊन आले, रिकाम्या हातानं. "पार सपाट केलंय," एवढंच म्हणाले. औरंगपुऱ्याच्या बाजारात झेंडू-शेवंतीचे ढीग होते, पण ते विकतचे.

पुढच्या पावसाळ्यात डब्यातलं बी पेरलं. या वेळी कान आले. जाऊबाई रोज सकाळी चहाच्या आधी भिंतीला धरून मागं जायच्या आणि ते कान बोटांनी कुरवाळायच्या. पण नवरात्र आलं तरी झाडाला नुसता पाला. "येतंय गं पुढच्या साली. पहिल्या साली नाय फुलत तो," त्यांनी उलट माझीच समजूत काढली. मी आत जाऊन भांडी घासत बसले. उपटलेल्या रोपाचं ते दुसरं साल होतं. ते असतं, तर माळ झाली असती.

तिसऱ्या साली झाड माझ्या खांद्याला लागलं आणि भादव्यात जाऊबाई अंथरुणाला लागल्या. दिवसातून चारदा विचारायच्या, "उमलला का गं?"

"कळ्या आल्यात, बाई."

"कळ्या खुडू नको. आधी भुंगा यिऊन जाऊ दे. आन् खालची फुलं त्यालाच ठिव. भुंगा नाय आला तर शेंग कशी धरंल?"

खूपदा ओठावर आलं, की बाई, पहिल्या साली उगवलं होतं, मीच उपटलं. पण त्या कळ्यांचं विचारायच्या आणि मी कळ्यांचंच सांगायची. पितृपंधरवड्यात त्या गेल्या. घट बसायला पाच दिवस होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मागं घूं घूं ऐकू आलं. जाऊन बघते तर काळेभोर, जाडे भुंगे, आणि झाड पिवळं. एका फुलावरून उठत होते, दुसऱ्यावर बसत होते, फूल त्यांच्या वजनानं वाकत होतं. घरात सुतक. आमच्याकडं घट बसणार नव्हता.

घटस्थापनेला शेजारीणबाई कुंपणाशी आल्या, परडी घेऊन. जरा अवघडूनच म्हणाल्या, "काकू, राग मानू नका. सुतक तुम्हाला आहे, झाडाला थोडंच आहे? माळेपुरती नेऊ का?"

"न्या. पण तुम्हीच तोडा. मला हात लावता येत नाही."

त्या तोडायला लागल्या. मी दारात उभी. कुंपणावरून वाकून त्या वरची फुलं घेत होत्या, दर फुलाला परडी भरत होती, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "एक उगवलं होतं, बाई. मीच उपटलं."

शेजारीणबाई वळल्या. "काय म्हणालात, काकू?"

"काही नाही," मी म्हणाले. "खालची तेवढी भुंग्यांना ठेवा."