उखाण्यापुरतं थांबलेलं ऑपरेशन

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आत्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेताना सिस्टरांनी दारातच अडवलं. "आजी, पूर्ण नाव? डोळा कुठला?"

"कागदावर आहे ना सगळं," मी म्हणाले.

"असू दे. त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय आत नाही."

नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणून आत्या लाजली. मग म्हणाली, "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजवा आहे छान, दगडूरावांचं नाव घेते, राखते सर्वांचा मान."

हात धुऊन तयार असलेले डॉक्टर उखाणा संपेपर्यंत थांबले. भिंतींचे पोपडे निघालेल्या त्या दवाखान्यात, भलत्याच डोळ्याला हात लागू नये म्हणून माणसं अशी थांबतात, याचं मला मोठं अप्रूप वाटलं.

सिस्टर मात्र दारातून हलल्या नव्हत्या. "आणि तुमचं स्वतःचं नाव?"

आत्याला हे कित्येक वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

"सुभद्रा," ती म्हणाली, आणि माझा हात सोडून आत गेली.