दोन खोक्यांतलं भात

श्रद्धा आणि विज्ञान यांचं जमतं की नाही, यावर लिहायला मी कोण? आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि बायबलही अजून पुरतं वाचून झालेलं नाही. जाणकारांनी माफ करावं. माझ्याजवळ फक्त दोन खोकी भात आहे.

मालवणजवळच्या आमच्या गावात नवं भात आलं की पहिल्या लोंब्या आम्ही चर्चमध्ये नेतो. फादर आशीर्वाद देतात आणि त्या लोंब्यांची जुडी वर्षभर घरच्या आल्ताराला, म्हणजे देव्हाऱ्याला, टांगलेली असते. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी एक मित्र म्हणाला, "काय रे, तुझो देव लॅबमध्ये येता, की भायर चपला राखता?" सगळे हसले. मीही हसलो, पण प्रश्न काही पाठ सोडेना.

पुण्याला एमएस्सीच्या मुलाखतीत स्वतः केलेला एक प्रयोग सांगायचा होता. म्हटलं, हाच करू. मासळीची दोन थर्माकोलची खोकी घेतली. एकात जुडीतलं भात पेरलं, दुसऱ्यात त्याच शेतातलं साधं. माती तीच, पाणी तेवढंच. जुडीतलं जास्त उगवलं तर मित्राला उत्तर मिळेल. नाही उगवलं तर मी काय करायचं, हे मात्र ठरवायचं धाडस झालं नाही.

मुलाखतीला निघायच्या आदल्या सकाळी पाहिलं, तर दोन्ही खोकी सारखीच हिरवीगार! तेवढ्यात आई पवित्र पाण्याची बाटली घेऊन आली आणि दोन्हींवर शिंपडू लागली.

"गो आये, ह्यां काय करतंस?"

"रोजच घालतंय. त्या दुसऱ्या भातान काय पाप केल्यान? तां पण आपल्याच शेतातलां मां?"

"पण तां साधां ठेवचां होतां!"

"मग माका आदी सांगूचां नाय?"

प्रयोग बुडाला होता, आणि मी ओसरीवर बसून पोट धरून हसत होतो. मग आईही हसायला लागली, कशाला ते न कळताच.

मुलाखतीत खरं तेच सांगितलं. समोरचे तिघे इतके हसले की एकाला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "पुन्हा केलात तर काय बदलाल?" त्यांनी विचारलं.

"कुठल्या खोक्यात काय आहे ते आईला सांगणार नाही," मी चाचरत म्हणालो. "आणि मलाही कुणी सांगू नये. माझं मनही एकाच खोक्याकडे ओढ घेत होतं. स्वतःवर आधी संशय घ्यायला मी चर्चमध्ये, पापांची कबुली देतानाच शिकलोय, सर."

त्यांनी पुढच्या उमेदवाराला आत बोलावलं. वाटलं, गेलं सगळं.

लावणी आली. आईने दोन्ही खोक्यांतली रोपं एकाच कोपऱ्यात लावून टाकली. आता कुठलं रोप कुठल्या खोक्यातलं, तिलाही सांगता येईना. शेतात रेंज नाही म्हणून मी मुलाखतीत चर्चचा फोन नंबर दिला होता. त्या दुपारी फादर झगा गुडघ्यापर्यंत उचलून, बांधावरून घसरत, हात हलवत येताना दिसले.

"रे, चिखलातसून भायर ये!" ते लांबूनच ओरडले. "पुण्याक तुझी निवड झाली!"