जवारीची कोठी आन् नवी फरशी

आमच्या घरी काईबी जड सामान हलवायचं असलं, का मले आधी बाहेर पाठवतात. मी सायन्सचा मास्तर आहो, घर्षणाचा धडा दरसाल पोरांले शिकवतो, तरीबी.

झालं असं, का माह्या लहान बहिनीले, पुष्पीले, पाह्याले इचोड्याहून पाव्हने येनार होते. आधीची स्थळं काई ना काई खोट काढून परत गेली होती, म्हनून आईचा जीव टांगनीले लागला होता. पुष्पीले तं हे पोरगं फोटोतच आवडलं होतं (ते लपवता लपवता तिच्या नाकी नऊ येत होते). समोरच्या खोलीत नवी चकचकीत फरशी बसवली, खुर्च्या मांडल्या. अन् पाव्हने निंगाले असा फोन आल्यावर आईले आठवलं.

"बाबू, जवारीची कोठी समोर आनून ठेव. पाव्हन्यांले घरात दाना दिसला पायजे."

कोठी पत्र्याची, छातीएवढी, स्वयंपाकघरात गच्च भरलेली. माही बायको रत्ना म्हने, "अवो, आधी रिकामी करा, मंग न्या."

"रिकामी काऊन? घर्षन कमी केलं का झालं."

मी खांदा लावून ढकलली. कोठी ढिम्म. परत ढकलली. माह्या पाठीत कट्ट आवाज आला, कोठीतून काईच आला नाई. "जागच्या वस्तूले हलवाले सगळ्यात जास्त जोर लागते," मी रत्नाले समजावलं, "एकदा सरकली का मंग सोपं."

"मंग सरकवा न."

मी बालटीभर साबनाचं पानी केलं आन् स्वयंपाकघरापासून समोरच्या खोलीपर्यंत ओतलं. रत्नानं डोक्याले हात लावला, पन नवरा मास्तर पडला, म्हनून तिनंबी एका बाजूनं जोर लावला.

कोठी सरकली. काय सरकली म्हंता! नव्या फरशीवर आली तं तिले मी लागतच नोतो. रत्ना हात सोडून मोकळी झाली, मी मातर कोठीले मिठी मारून मागं मागं घसरत चाललो. आई वरडली, "अरे, थांबव तिले!" मी मलेच थांबवू नाई शकलो, तिले काय थांबवतो? कोठी जाऊन दाराजवळच्या भिंतीले धडकली, मी खाली आपटलो, कोठीचं खालचं झाकन निंगालं, आन् सगळी जवारी खोलीभर पसरली.

तेवढ्यात दारात पाव्हने.

"या, या," मी बसल्या जागून म्हनलं. दुसरं काय म्हननार?

पोराचे वडील आत आले. आता वस्तू गडगडत असली का घर्षन सगळ्यात कमी राह्यते, हे मी वर्गात गोट्या घेऊन दाखवतो. इथं पायाखाली जवारी होती. ते जे निंगाले ते थेट खुर्च्यांत. त्यायले धराले पोरगं धावलं, तेबी गेलं. मी उठून दोघांले धराले गेलो आन् त्यायच्या अंगावर पडलो.

पुष्पी चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली, पाह्यलं, आन् खो-खो हासत सुटली. आई पार रडकुंडीले आली. "झालं," ती पुटपुटली, "हेबी गेलं."

पुष्पीनं ट्रे खाली ठेवला. "उठू नका कोनी. बसल्या बसल्याच सरका इकडं," ती म्हने, आन् दाराले धरून तिनं पोराले हात देला. पोरानं तो धरला. स्वयंपाकघरात पोचल्यावरबी सोडला नाई, हे मातर सगळ्यायनं पाह्यलं.

वडिलांनी कॉलरीतून जवारी झटकली, एक दाना तोंडात टाकला. "जवारी चांगली हाय. पोरगीबी पसंत हाय. पन एक अट."

आईचं तोंड पांढरंफटक पडलं.

"लग्नात पोरीच्या भावानं कशालेच हात लावाचा नाई."

आईनं माह्या डोक्यावर हात ठेवून शपथ खाल्ली. लग्नात मले सकाळपासून खुर्चीवर बसवून ठेवलं. पानी प्याले उठलो तरी दोन्हीकडचे पाव्हने मिळून खाली बसवत. पन नवरदेवाचा कान पिळाचा मान पोरीच्या भावाचाच, तो कोन घेनार? भटजीनं नाव पुकारलं, मी उठून नुसतं एक पाऊल टाकलं, आन् नवरदेवानं दोन्ही हातांनं मांडवाचा खांब धरला.