तात्यांच्या घरातून गेलेला लंब

मोजणीकाकांनी क्षेत्रफळ काढल्याशिवाय कधी समोसा खाल्ला नाही. आधी समोशाचा पाया ठरायचा, मग खिशातली सहा इंची पट्टी निघायची, टोकावरून पायावर लंब पडायचा आणि मगच चटणी. तोवर समोसा थंडगार. "गरम खाणाऱ्याले आपण किती खाल्लं ते समजत नाही," असं वर आम्हालाच ऐकवायचे.

भूमापकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन ते कामठी रोडवरच्या आमच्या लेआउटमध्ये राहायला आले होते. मला पाहायला पाहुणे आले, तेव्हा पोहे खाता खाता त्यांनी माझ्या नाकाकडे टक लावून पाहिलं आणि मुलाच्या आईला सांगितलं, "पाया भरीव आहे. उंची जराशी कमी पडून राहिली, पण क्षेत्रफळ चांगलं येते." स्थळ गेलं. मी महिनाभर काकांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, आणि मलाच करमेनासं झालं.

आमचे बाबा आणि शेजारचे तात्या मात्र तब्बल आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दोन घरांच्या मधला तिकोनी तुकडा दोघांनी मिळून घेतला होता. अर्धा अर्धा वाटायचा, तर प्रत्येकाला वाटे, समोरचा जास्त लाटणार. एकेकाळी एका ताटात जेवणारी ही माणसं. बघून जीव तुटायचा. शेवटी मीच काकांना बोलावलं, कारण त्यांच्या मोजणीला दोघंही नाही म्हणणार नव्हते.

काका कापडी फीत घेऊन आले. मी म्हटलं, हे मोबाईलवर एका मिनिटात निघतं.

"मोबाईल उन्हात उभा राहते का?" त्यांनी विचारलं.

काकांच्या शास्त्रात पाया म्हणजे रस्त्याकडची बाजू, बाकी सगळं झूट. आता आमचा त्रिकोण मागे तात्यांच्या घराकडे असा काही झुकलेला, की मागच्या टोकावरून टाकलेला लंब प्लॉटच्या बाहेर जाऊन थेट तात्यांच्या स्वयंपाकघरातून, बैठकीतून त्यांच्या फाटकाशी पडत होता. दुसरी बाजू पाया धरा, म्हणून मी हात जोडले.

"पाया असा बदलता येते का वं?" ते म्हणाले आणि तात्यांच्या घरात शिरले.

फीत स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेतली. तात्यांच्या बायकोने कुकर उतरवला, देव जरा सरकवले. मागच्या टोकाला बाबा, पुढे फाटकाशी तात्या, मध्ये अख्खं घर, आणि काका सोफ्यावर उभे. फीत ढिली पडली की मोजणी पहिल्यापासून. चौथ्या खेपेला बाबांनी मागून हाक दिली, "धरलं का?" पुढून तात्या म्हणाले, "धरून राहिलो, तुम्ही सोडू नका." आठ वर्षांतलं हे पहिलं बोलणं.

काकांनी पाया आणि उंचीचा गुणाकार केला, त्याचे दोन सारखे वाटे केले आणि सगळे आकडे मांडून दोन चिठ्ठ्या दिल्या. बाबा आणि तात्यांनी आपापली चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली. संध्याकाळी तात्या आमच्याकडे चहाला आले. वाटणीचं कुंपण मात्र कधी झालंच नाही. मी विषय काढला की दोघंही उन्हाळ्याबद्दल बोलायला लागत.

मागच्या मे महिन्यात काका गेले. त्यांच्या तेरवीनंतर बाबांनी कपाटातून ती चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. मी आकडेमोड केली, पुन्हा केली. गुणाकाराला दोनाने भागायचं राहूनच गेलं होतं. शाळेतलं पोरही करणार नाही अशी चूक, आणि त्यापायी प्रत्येकाच्या वाट्याला अख्खाच्या अख्खा त्रिकोण लिहिलेला.

"मले तवाच समजलं," बाबा म्हणाले. "तात्यालेही. तोच मले म्हणाला, म्हातारा निम्मं करायले विसरला, पण सांगाचं नाही, त्याच्या मनाले लागन. कुंपण घातलं असतं तर चूक उघडी पडली असती ना."

"आता काका नाहीत," मी म्हटलं, "आता तरी नीट मोजून वाटून घ्या."

बाबांनी चिठ्ठी परत घेतली.

"काहून? दोघांलेही पुरा भेटला आहे."