काजळीच्या कागदावरची पावलं

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते आणि वाचून हसते, हे आधीच सांगितलेलं बरं. अंगात येणं, पांढरी साडी, पिंपळ... असल्या गोष्टींना आमच्या घरात कधी थारा नव्हता. माझे वडील नेवाशाला शिक्षक. देवपूजा नेमाने करायचे, पण भुताचं नाव काढलं की रागवायचे. आणि नवरा तर त्यांच्याही पुढचा — जे मोजता येत नाही ते नाहीच, असं मानणारा. तरी लिहायला बसले, कारण जे घडलं ते नवऱ्यानेच मोजलं होतं.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. हे नगरला एका हायस्कुलात सायन्स शिकवायचे. आम्ही लष्करी छावणीशेजारी भिंगारला, बाजाराच्या मागे, तीन खोल्यांत भाड्याने राहायचो. त्यातली मागची खोली भूकंपाला दिलेली होती. म्हणजे यांनी तिथे स्वतःच्या हाताने भूकंपमापक उभा केला होता. तुळईला साखळीने एक जड दगड टांगलेला — माझ्या जात्याचा वरचा दगड, मला न विचारता नेलेला. जमीन हलली तरी दगड जागचा हलत नाही, म्हणून त्याला बांधलेली सुई कागदावर रेघ ओढते, असं त्यांनी मला समजावलं होतं. कागद कंदिलावर धरून काजळीने काळा केलेला, एका डब्याला गुंडाळलेला, आणि डबा फिरवायला जुन्या घड्याळाचं यंत्र. मी आपली दळण घेऊन गिरणीत जायला लागले.

भूकंप काही येईना. आले ते लष्कराचे रणगाडे, टांगे, पाण्याची बैलगाडी... आणि मी. लहानपणी प्रवरेच्या घाटावर पडून माझा उजवा घोटा मोडला होता. तेव्हापासून त्या पायावर मी भार जरा कमी देते. ते कागदावर बरोबर उमटायचं. एक रेघ लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. "हा रणगाडा, हा टांगा, आणि ही तू," असं हे मोठ्या कौतुकाने दाखवायचे. बाकीच्या बायकांना नवरे गजरे आणत, माझ्या वाट्याला हे आलं. पण खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

त्या खोलीत पाऊल टाकायला बंदी होती. हाक मारावी तर सुईकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला ती ऐकू जायची नाही. म्हणून मी उंबऱ्याशी उभी राहून दोनदा पाय आपटायची. सुई दोनदा उडाली की आतून "आलो गं" यायचं. जेवायला बोलावण्याची आमची ही रीत.

पहिल्या बाळंतपणाला मी नेवाशाला गेले. निघताना "आता नुसते रणगाडेच बघायचे," एवढंच म्हणून हे आत वळले. याच्यापलीकडे त्यांना बोलता येत नसे.

दिवस भरायच्या आधीच एका रविवारी पहाटे माझं पोट दुखायला लागलं आणि दुपारपर्यंत मला धड शुद्ध राहिली नाही. सुईण मुरलेली होती. तिने पोट चाचपलं आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, प्वार आडवं हाय. ह्ये माज्या हातचं न्हाई. नगराहून डाक्टरीन आना, न्हाईतर दोनी जीव जातील." नगरची मोटार सकाळीच निघून गेलेली, दुसरी थेट उद्या. रविवार म्हणून तार करायचीही सोय नाही. वडील बैलगाडी जुंपून नगरच्या वाटेला लागले, पण बैलांनी कधी पोचायचं आणि कधी परतायचं...

त्याच दुपारी भिंगारला काय झालं ते यांनी मला पुढे कितीतरी वेळा सांगितलं, आणि एकदाही त्यात पदरचा शब्द घातला नाही. लष्कराला सुट्टी, रस्ता शांत, पुढच्या दाराला आतून कडी. हे मागच्या खोलीत एका परातीत वाळू पसरून काड्यापेट्यांची घरं मांडत होते. परात हलवून कुठलं घर आधी पडतं ते बघायचं होतं. अजून परातीला हातही लावला नव्हता, तेवढ्यात सुई हलली. एक लांब, एक आखूड. रेघा मोठ्या होत गेल्या, म्हणजे चालणारं माणूस स्वयंपाकघराकडून जवळ येत होतं. मग थांबलं. आणि सुई दोनदा उडाली.

"आलो गं," हे म्हणाले. उठले, धोतर झटकलं, उंबऱ्यापर्यंत आले... आणि मग त्यांच्या लक्षात आलं की घरात कोणीच नाही.

आधी त्यांनी कारण शोधलं. मांजर बघितलं, साखळी तपासली, शेजारच्या काकूंना तुम्ही काही कुटत होता का म्हणून विचारून आले. मग कागद पुन्हा बघितला आणि तडक सायकल काढली ती नगरच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे. नेवाशाहून तार आलीय, बायको अडलीय, म्हणाले. जन्मात खोटं न बोललेला माणूस! बाईंनी तार मागितली, तर घरी राहिली म्हणाले. बाईंनी बॅग उचलली. मोटार दवाखान्याचीच होती.

वाटेत त्यांना वडिलांची बैलगाडी भेटली. "जावईबापू, तुम्हाला कळवलं कोणी?" वडिलांनी विचारलं. यांनी हाताला धरून त्यांना मोटारीत घेतलं.

दिवेलागणीला ते पोचले. डॉक्टरीणबाईंनी पोर फिरवलं आणि आमची मुलगी झाली. आणखी उशीर झाला असता तर आपल्या हातात काही राहिलं नसतं, असं त्या आईला म्हणाल्या. मी डोळे उघडले तेव्हा हे उशाशी बसले होते. तुम्ही कसे आलात, मी विचारलं.

"तू बोलावलंस ना," म्हणाले, आणि ढसाढसा रडले. माझ्यावर या माणसाचा किती जीव आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मला विचाराल तर मला काही आठवत नाही. स्वप्न नाही, भास नाही. वेदना आणि अंधार, बस.

हे मात्र गप्प बसणारे नव्हते. मी भिंगारला परतले तोवर यांचे प्रयोग सुरू झालेले होते. तांदळाची पिशवी आपटून नकली पावलं काढली, शेजारच्या काकूंना लंगडायला लावलं, तुळई ठोकून पाहिली. तशी रेघ येईना. मग मला चालवलं. ती जवळपास जुळली, पण पुरती नाही. त्या रविवारच्या कागदावर आखूड रेघा माझ्या नेहमीच्या रेघांपेक्षा थोड्या लांब होत्या. माहेरी जाण्याआधीचे माझे कागद काढले, तेही जुळेनात. "चाल तुझी आहे आणि तुझी नाहीही," असं म्हणत डोकं धरून बसायचे.

आता हे नाहीत. तो कागद त्यांनी लाखेत बुडवून पक्का केला होता, तो माझ्याकडे आहे. भूकंपाच्या खात्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांना मी तो मुद्दाम दाखवला. उंदीर असेल, म्हणाले. उंदीर लंगडत येऊन दोनदा पाय आपटतो का, असं विचारल्यावर चहा पिऊन निघून गेले. पण त्या गृहस्थांना मी एक गोष्ट सांगितली नव्हती.

मुलगी चारेक महिन्यांची असेल. ताट वाढलं होतं आणि ती काही केल्या खाली राहीना, म्हणून तिला उजव्या कडेवर, मोडलेल्या घोट्याच्याच बाजूला, घेऊन मी मागच्या खोलीशी गेले आणि दोनदा पाय आपटला. "आलो गं" आलंच नाही. बऱ्याच वेळाने हे डब्यावरचा कागद सोडवून बाहेर आले. खिडकीच्या काचेवर त्यांनी तो त्या रविवारच्या कागदावर धरला. रेघेवर रेघ बसली. आखूड रेघासुद्धा.

त्यांनी मुलीला माझ्या कडेवरून उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाले,

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही दोघी आला होतात."