लताबाईची गच्ची

बहिरू पालिकेच्या एका कचेरीत शिपाई. मागच्या पावसाळ्यात मात्र त्याच्या अंगात थोडा साहेब शिरला होता. घराघरांवर सोलर बसवायची मोहीम निघाली होती. प्रत्येक कर्मचाऱ्याने ओळखीतली पाच घरं तयार करायची, असा हुकूम होता. भिंतीवर फळा लागला, त्यावर सगळ्यांची नावं आणि नावापुढे घरांचा आकडा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या फायली वाहणाऱ्याचं नाव पहिल्यांदाच भिंतीवर चढलं. माणूस फुगणारच की.

आणि गडी बोलण्यात वस्ताद. सातपूरच्या गल्ल्यागल्ल्यांत पत्रकं घेऊन हिंडला आणि चार घरं बघता बघता पटवली. पाचवं काही केल्या जमेना. शेवटच्या दिवशी साहेबांनीच विचारलं, "बहिरू, तुझ्या स्वतःच्या घराचं काय?"

घरी विचारायला गेला, तर बायको रंगूबाई कमरेवर हात ठेवून उभी. "मग माझे पापड कुठं वाळवू? तुमच्या टकलावर?" विषय संपला. बहिरूने स्वतःच्या फॉर्मवर 'गच्चीचा सध्याचा वापर' या रकान्यात 'वाळवण' असं लिहिलं, आणि साहेबांनी ते घर यादीतून वगळलं. इथपर्यंत ठीक होतं. पुढे त्याने जे केलं ते ठीक नव्हतं, आणि ते त्याला तेव्हाही कळत होतं.

त्याच दुपारी तो लताबाईकडे गेला.

लताबाई त्याच्याच गावची, येवल्याकडची. चार-पाच वर्षांनी मोठी, म्हणून तो तिला ताई म्हणायचा. नवरा गेल्यापासून बाई कुरडयांवर जगत होती. फाल्गुन लागला की गहू भिजवायचे, वाटून चीक काढायचा, तो पहाटे शिजवायचा आणि सोऱ्याने गच्चीभर जुन्या लुगड्यांवर कुरडया घालायच्या. कारखान्यांतल्या कामगारांच्या बायका वर्षाची कुरडई तिच्याकडूनच नेत. त्या दोन महिन्यांच्या उन्हावर तिचं अख्खं वर्ष निघायचं. बहिरूकडेही दरवर्षी डबा भरून यायचा, आणि सगळ्यात जास्त कुरडया तोच खायचा.

पण त्या दिवशी पाऊस लागलेला, गच्चीवर शेवाळ सोडून काही नव्हतं. बहिरूने टेप लावून माप घेतलं.

"लय जागा तर नाय ना लागायची?" लताबाईने विचारलं.

"छे गं ताई, कोपऱ्यात बसंल. लाइटबिल मात्र नावालाच येईल बघ."

"तू म्हणतो तर घाल बाबा." तिने कागद न वाचताच सही केली.

कोपऱ्यात बसणार नव्हतं. हातात टेप होता, सगळं दिसत होतं. चहाच्या टपरीवर बसून त्याने तिचा फॉर्म भरला. वापराच्या रकान्यापाशी पेन अडलं. 'वाळवण' लिहावं तर हेही घर गेलं. त्याने लिहिलं, 'काही नाही'. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पाचाचा आकडा पडला, शाल-नारळ मिळाला, फोटोही निघाला.

पॅनेल बसले तेव्हा लताबाई लेकीकडे लासलगावला होती. परत आली, बघितलं, आणि म्हणाली, निघंल जागा कुठंतरी.

फाल्गुनात जागा निघाली नाही. पॅनेलच्या सावलीत घातलेल्या कुरडया तिसऱ्या दिवशीही ओल्याच. त्यांना आंबूस वास सुटला. पहिला घाणा गेला, दुसराही गेला. गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. हे बहिरूच्या कानावर आलं तसा तो तिच्या गल्लीतून जाईनासा झाला. लांबच्या रस्त्याने कचेरीत जायचा. रात्री जेवताना रंगूबाईने ताईचा विषय काढला की हा ताटावरून उठायचा. लाज वाटत होती त्याला, स्वच्छ लाज.

शेवटी लताबाईच कचेरीत आली. हातात फॉर्मची नक्कल. "साहेब म्हणत्यात, लगेच काढता यायचं नाय. गच्ची रिकामी असल्याचं कागदावरच हाय. कुणी तरी चुकून लिहिलं आसंल रे. तू मला अर्ज लिहून दे."

बहिरूने कागद घेतला. 'हो, चूकच झाली' म्हणून टाकलं असतं तर बाईने विश्वास ठेवला असता. तेच त्याला सोसेना.

"चुकून नाही ताई. मी लिहिलंय."

तिने नक्कल परत घेतली. मग म्हणाली, "तुला ठावं नव्हतं, मी कुरडया करते?"

"ठावं होतं."

"आन् तुझ्या गच्चीवर बसवलं का?"

"नाही. रंगूचे पापड असतात म्हणून..." मग कसंबसं म्हणाला, "ताई, आमची गच्ची घे. सगळी घे. मी स्वतः झाडून देतो. आणि अर्जात लिहितो, खोटं मीच लिहिलं म्हणून."

"अर्ज लिही. गच्चीबी घेते, कणगीतले गहू काय टाकून देऊ?" लताबाईने पिशवी खांद्याला अडकवली. दारापर्यंत गेली आणि थांबली. आवाज चढला नव्हता तिचा.

"पाच घरं पुरी करायचीत, आडलंय, असं म्हणाला असतास ना बहिरू, तर मी आपणहून आर्धी गच्ची दिली असती. तुला नाय म्हणले असते का मी?"

बहिरूला माहीत होतं, नाही म्हणाली नसती. अर्जाचा कोरा कागद पुढ्यात ओढून त्याने पहिलाच शब्द लिहिला, 'वाळवण'.